गणिताच्या परीक्षेला सोबत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई माझ्या घरी आल्या तेव्हा त्यांनी ‘मुली आणि गणित’ असा विषय सुचविला होता. तो मी घेतला असता तर आपण सर्वजणी दहाव्या मिनिटाला आतल्या खोलीतल्या कपबश्यांच्या आवाजाकडे कान लावून बसला असता, आणि त्यात आपला काहीच दोष नसता. म्हणून मी त्यांना म्हटले, मी शाळेत असताना एका गणिताच्या स्पर्धेला बसले होते, तेवढेच सांगते. त्यांनी विचारले, “मग नंबर कितवा आला?” मी म्हटले, “आला नाही.” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तरी सांगा.” तेव्हा आज बक्षीस न मिळालेल्या बाईचे भाषण आपण ऐकत आहात, हे आधीच कबूल केलेले बरे.

ही स्पर्धा म्हणजे गणिताचे ऑलिंपियाड. नाव खेळांवरून घेतले आहे, पण धावपळ कसलीही नाही. शाळकरी मुलांना अवघड गणिते घालून त्यांची परीक्षा घ्यावयाची ही चाल हंगेरीत १८९४ सालापासून आहे. पुढे १९५९ साली रुमानियात सात देशांची मुले जमली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड सुरू झाले. आपल्याकडे राष्ट्रीय परीक्षा १९८६ पासून होऊ लागली आणि भारताचा संघ पहिल्यांदा बाहेर गेला तो १९८९ मध्ये, पश्चिम जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी. संघात मुले सहाच. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज तीन गणिते. म्हणजे एका गणिताला दीड तास! आपल्या शाळेतल्या परीक्षेत एका गणिताला पाच मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात ते सुटले नाही तर मुले म्हणतात, पेपर अवघड होता.

त्या सहांत जाण्याआधी पायऱ्या पुष्कळ. माझ्या वेळी पहिली पायरी प्रादेशिक परीक्षेची होती. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक प्रदेश, आणि त्याचा कारभार पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानकडे. ही संस्था १९७६ साली श्रीराम अभ्यंकर यांनी काढली. ते मोठे गणिती होते. मी या पहिल्या पायरीवरच घसरले, म्हणून वरच्या पायऱ्यांचे वर्णन मी करीत नाही.

साल १९९५. मी दहावीत होते. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, शाळा मराठी माध्यमाची. गणिताचे सर शाळा सुटल्यावर चार मुलांना जादा गणिते घालीत आणि त्यांत पाचवी मी बसत असे. बसत असे म्हणजे मला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी उठविलेही नव्हते. सरांजवळ एक इंग्रजी पुस्तक होते. त्यातला ‘प्राइम’ म्हणजे आपली मूळ संख्या, ‘काँग्रुअंट’ म्हणजे एकरूप, असे शब्द मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. पुस्तक आठवडाभर एकेकाच्या घरी जाई. माझी पाळी शेवटची, पण त्यानंतर मागणारे कोणी नसल्यामुळे ते माझ्याकडेच राहू लागले, हा माझा फायदा.

त्या पुस्तकातली गणिते निराळीच. एक साधे सांगते. लागोपाठच्या कोणत्याही चार संख्या घ्या, त्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. १, २, ३, ४ घेतल्या तर चोवीस आणि एक पंचवीस. म्हणजे पाचाचा वर्ग. २, ३, ४, ५ घेतल्या तर १२१, अकराचा वर्ग. ३, ४, ५, ६ घेतल्या तर ३६१, एकोणिसाचा वर्ग. अशी शंभर उदाहरणे करून दाखविली तरी या परीक्षेत शून्य गुण मिळतात, कारण प्रश्न असतो तो ‘नेहमी असेच का होते’ हा. शाळेत आम्हाला उत्तर किती आले एवढेच विचारीत. ‘का’ विचारणारे पुस्तक मी पहिल्यांदा पाहिले आणि खरे सांगावयाचे तर मला त्याचे वेड लागले.

दिवाळीनंतर परीक्षेचे अर्ज आले. सरांनी चार मुलांचे भरले, माझा भरला नाही. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “अगं, पुण्याला जायचं. मुलीची जबाबदारी कोण घेणार?” सर वाईट नव्हते, हे येथेच सांगते. त्यांनी एक पैसा न घेता आम्हाला शिकविले. त्यांना खरोखरच तसे वाटत होते आणि त्या वेळी मलाही त्यात काही चूक वाटली नाही. वाईट मात्र वाटले. मी घरी काही बोलले नाही. पुस्तक तेवढे फडताळात टाकले.

दोन दिवसांनी आईने विचारले, “ते इंग्रजी पुस्तक का उघडत नाहीस?” माझी आई सातवीपर्यंत शिकलेली. ती घरी ब्लाऊज शिवीत असे. मी सांगितले ते तिने मशीन न थांबविता ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत आली आणि सरांना म्हणाली, “जबाबदारी माझी. मी जाते तिच्याबरोबर.” सरांनी तेथल्या तेथे अर्ज काढला आणि भरला. मुदतीला दोन दिवस उरले होते. इतके सोपे होते ते. सरांनी तोवर कोणाला विचारले नव्हते, एवढेच.

घरी मात्र एवढे सोपे झाले नाही. अण्णा म्हणाले, “दहावीचं वर्ष आहे. या परीक्षेचे मार्क दहावीत धरतात का?”

मी म्हटले, “नाही.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही फारसे चांगले उत्तर आहे असे नाही. आई आतून म्हणाली, “पंढरपूरला जाता त्याचे कुठे मार्क धरतात?” अण्णा हसले आणि विषय तेथे संपला. पण खर्चाचा विषय होताच. तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू झालेली. आईच्या हातात एका नवरीचे सहा ब्लाऊज होते. त्या रविवारी ती घरी नव्हती म्हणून त्यांतले दोन परत गेले आणि ते घर पुढे दुसरीकडे शिवू लागले. हे मला तिने सांगितले नाही. पुष्कळ वर्षांनी कळले.

पहाटे पाचच्या एस. टी.ने निघालो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आईच्या पदराला बांधलेले लिंबू, कारण तिला गाडी लागते. सर आणि ती चार मुले पुढच्या बाकांवर, आम्ही दोघी मागे. उजाडल्यावर मी पुस्तक काढले. आई म्हणाली, “मनात काय वाचतेस? मोठ्यानं वाच. माझं लक्ष घाटाकडे जायला नको.”

मी वाचले ते गणित असे, आणि हे मला आज आपल्यालाही घालावयाचे आहे. एका समारंभाला काही माणसे जमली आहेत. ओळख म्हणजे दोन्हीकडची. मी तुम्हाला ओळखते तर तुम्ही मला ओळखता. प्रत्येकीने आपल्या ओळखीच्या किती जणी येथे आहेत ते मोजावयाचे. तर सिद्ध करा की, कोणत्याही समारंभात निदान दोघींची तरी संख्या अगदी सारखी येते. पुस्तकात माणसे होती. आईने लगेच हळदीकुंकू केले. “शंभर बायका धर,” ती म्हणाली.

मी म्हटले, अडचण अशी आहे. शंभर बायकांत एखादीच्या ओळखीची कोणीच नसेल, तिचे शून्य. एखादीची एक ओळख, एखादीच्या दोन, असे करीत जास्तीत जास्त नव्याण्णव. शून्यापासून नव्याण्णवपर्यंत आकडे होतात बरोबर शंभर, आणि बायकाही शंभर. मग प्रत्येकीला निराळा आकडा का मिळू नये? दोन दिवस मी येथेच अडले होते.

आईने लिंबू नाकाशी धरलेलेच होते. खंबाटकीचे वळण चालू होते. ती म्हणाली, “पण ती कुणालाच न ओळखणारी आणि ती सगळ्यांना ओळखणारी, या दोघी एकाच हळदीकुंकवात कशा बसतील? सगळ्यांना ओळखते म्हणजे हिलाही ओळखते की नाही?”

भगिनींनो, संपले गणित! शून्य आणि नव्याण्णव हे दोन आकडे एकाच समारंभात येऊच शकत नाहीत. म्हणजे आकडे उरले नव्याण्णव आणि बायका शंभर. कोणत्या तरी दोघींना एकच आकडा घ्यावा लागणारच. मी आईकडे बघतच राहिले. ती म्हणाली, “यात काय एवढं? ही तर साधी गोष्ट आहे.” आज येथे या सभागृहात आपण किती जणी आहोत ते मी मोजलेले नाही, आणि मोजण्याची गरजही नाही. निदान दोघी अशा आहेतच. आई शेवटून दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे नाव घेतलेले तिला आवडणार नाही, म्हणून पुढे जाते.

परीक्षा दुपारी होती. तीन तास आणि मोजके प्रश्न. खोलीत मुली किती होत्या ते मी बोटांवर मोजले, आणि एका हाताची बोटे पुरली. पहिला अर्धा तास मला काहीही सुचले नाही. बाजूचा मुलगा सारखा लिहीत होता, आणि दर वेळी त्याने पान उलटले की माझ्या पोटात गोळा येई. मग मी त्याच्याकडे बघावयाचे सोडले. एक गणित सुटले. ते लिहिताना हात थरथरत होता, कारण ते कोणी शिकविलेले नव्हते. मग दुसरे सुटले. तिसऱ्याचे अर्धे झाले आणि घंटा झाली. एक वर्तुळाचे गणित होते, त्याची आकृती मी चार वेळा काढली आणि चारही वेळा खोडली.

बाहेर आले तो आई झाडाखाली दुसऱ्या एका मुलाच्या आईशी बोलत बसली होती. हातात ब्लाऊज होता. तिने विचारले, “किती झाली?”

“दोन. आणि एक अर्धं.”

“बरं. माझी अकरा काजी झाली.”

निवड झालेल्यांच्या यादीत माझे नाव नव्हते. आमच्या चार मुलांचीही नव्हती. दहावीच्या गडबडीत सगळे विसरले. पण ते वर्तुळ माझ्या डोक्यातून जाईना. मे महिन्यात मामाकडे गेले होते. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या आणि कावळे हाकण्याचे काम माझ्याकडे. एका दुपारी विटकरीच्या तुकड्याने गच्चीवर आकृती काढता काढता एक रेघ मी सहज वाढविली, आणि दिसले! पाच महिन्यांनी दिसले. तोवर कावळ्याने दोन कुरडया नेल्या होत्या. मामी रागावली. मला ते रागावणेही गोड लागले. अण्णांच्या त्या ‘मग?’ला देता येईल असे माझ्याजवळ काही असेल, तर ती गच्चीवरची दुपार आहे.

त्याच वर्षी, १९९६ च्या जुलैत, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत भरले. पंचाहत्तर देशांची चारशे चोवीस मुले आली होती.

आता थोडे दुसऱ्या एका मुलीविषयी. इराणातल्या मरियम मिर्झाखानीचे नाव आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. गणितातला सर्वांत मोठा समजला जाणारा फील्ड्स पुरस्कार २०१४ साली तिला मिळाला, आणि तो मिळविणारी ती पहिली स्त्री. २०१७ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ती गेली. तिची एक हकीकत मला फार आवडते. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिचे गणित चांगले नव्हते. पुढे ऑलिंपियाडची गोडी लागली, पण इराणच्या संघात तोवर एकही मुलगी गेलेली नव्हती. तिच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने हट्ट धरून, मुलांच्या शाळेत होत तसे वर्ग आपल्या शाळेत सुरू केले. मग मरियमने १९९४ साली हाँगकाँगला सुवर्णपदक मिळविले, आणि १९९५ साली टोरांटोला बेचाळीसपैकी बेचाळीस गुण. मी पुण्याच्या त्या खोलीत आकृत्या खोडीत होते त्याच्या पाचच महिने आधीची ही गोष्ट. सगळे लोक मरियमचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला ती मुख्याध्यापिका पाहावयास आवडली असती.

आपल्याकडे लीलावतीची गोष्ट सांगतात. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, लग्न राहिले, म्हणून भास्कराचार्यांनी मुलीच्या समाधानासाठी तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. ग्रंथ ११५० चा. ही कथा मात्र त्यात नाही, ती फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात येते. लग्न मोडले म्हणून मुलीच्या वाट्याला गणित आले, अशी ती कथा आहे, हे आपण लक्षात घेतले आहे का? मोती पडला नसता तर काय झाले असते, हे विचारावयाचे कोणाला सुचत नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे मला जड जाते. पण ते सांगितल्याशिवाय मी खाली बसले तर हे भाषण अर्धे खोटे ठरेल.

मी पुढे बी. एस्सी., बी. एड. केले आणि गणिताची शिक्षिका झाले. २०१४ साली माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. ती फळ्यावरचे गणित माझ्याआधी सोडवी, आणि सोडवून गप्प बसे. प्रादेशिक परीक्षेचे अर्ज आले. मी तीन नावे पाठविली, तिचे पाठविले नाही. माझ्या मनात आले, वडील कडक आहेत, घरी दोन धाकटी भावंडे आहेत, हे लोक काही पाठविणार नाहीत. उगाच विचारून मुलीला आशा कशाला लावा? मी फार विचारपूर्वक, फार मायेने हा निर्णय घेतला होता.

काही वर्षांनी बाजारात तिची आई भेटली. मुलगी बी. कॉम. होऊन पतसंस्थेत लागली होती. बरे चालले आहे म्हणाली. बोलता बोलता त्या परीक्षेचा विषय निघाला. त्या बाई मेथीची जुडी निवडीत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “बाई, तुम्ही विचारलं असतं तर मी आले असते की तिच्याबरोबर.”

मी घरी आले आणि पिशवी ओट्यावर ठेवून बसून राहिले. एकोणीस वर्षांपूर्वी सरांनी जे केले होते तेच मी केले होते. सरांना निदान ‘जबाबदारी’ हा शब्द तरी उच्चारावा लागला, कारण मी त्यांना विचारले होते. माझ्या विद्यार्थिनीने विचारलेच नाही. आणि तिच्या वेळी कोणाची आई शाळेत आली नाही, कारण घरी कोणाला कळलेच नव्हते.

तेव्हापासून मी अर्ज आला की वर्गात वाचून दाखविते आणि ज्यांना हवा त्या सर्वांना देते. घरचे पाठवितील की नाही, हे ठरविणे माझे काम नाही. आता पहिली पायरीही बदलली आहे. २०२० नंतर जी पात्रता परीक्षा आली, तीत तीन तासांत तीस प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर एक दोन अंकी संख्या. ‘का’ लिहावे लागते ते पुढच्या परीक्षेत. केवळ मुलींचे ऑलिंपियाडही निघाले आहे. युरोपातले २०१२ साली केंब्रिजला सुरू झाले, आणि त्यात आपल्या देशाच्या मुली २०१५ पासून जाऊ लागल्या. मुलींसाठी वेगळी स्पर्धा असावी काय, याबद्दल दोन मते आहेत. माझे म्हणणे असे की, त्या मुलांबरोबरच्या परीक्षेलाही बसतातच. मग आणखी एक पंगत मांडली तर कोणाच्या पोटात का दुखावे?

मंडळाच्या कृपेने या सभागृहात दर रविवारी सकाळी माझा छोटा वर्ग भरतो. सध्या नऊ मुली आहेत. फी नाही. त्यांना गणित शिकवावयास मी पुरेशी आहे, निदान पहिल्या पायरीपर्यंत. मला मंडळाकडून पाहिजे आहे ते वेगळे. पुढच्या परीक्षेचे केंद्र बहुधा परगावी येते. नऊपैकी चार मुलींच्या घरून त्या दिवशी कोणालाच निघता येणार नाही; एकीची आई रुग्णालयात रात्रपाळी करते, एकीची आई नाही, दोघींकडे शेताची कामे आहेत. या चौघींना सोबत हवी. गणित येण्याची अट नाही. तीन तास झाडाखाली बसावयाचे, आणि मुलगी बाहेर आली की किती झाली ते विचारावयाचे.

वही मी चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना जमेल त्यांनी आज चहा घेताना नाव आणि कोणता रविवार मोकळा आहे तेवढे लिहावे. एस. टी. पहाटे पाचची असते. गाडी लागत असेल तर लिंबू जवळ ठेवावे, आणि हातात काही शिवण असेल तर तेही घ्यावे.